आपल्या लाटेची फळी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सकाळी नऊच्या सुमाराला दादर स्टेशनवर जे कधी उभे राहिले असतील, त्यांना माझा आजचा विषय अवघड वाटणार नाही. लोकल येते, वीस-पंचवीस सेकंद थांबते आणि निघते. तेवढ्यात चढायचं. ज्याची पिशवी लांबलचक, तो दारातच अडकतो. लांब पल्ल्याच्या गाडीचं तसं नसतं. ती निवांत उभी असते, सामान चढवता येतं, जागा शोधता येते.

समुद्राच्या लाटांचंही असंच आहे. काही लाटा लांब पल्ल्याच्या, तर काही लोकल. मी बोलणार आहे ते लोकल लाटांबद्दल, आणि त्यांवर स्वार होण्यासाठी लागणाऱ्या फळीबद्दल. या खेळाला सर्फिंग म्हणतात हे आता आपल्याकडेही ठाऊक झालं आहे. फळी चुकीची निवडली तर काय होतं, हे मी स्वतःच्या मानेवर शिकलो. मान हा शब्द इथे शब्दशः घ्यावा.

माझा जन्म वेंगुर्ल्याजवळचा. मामांची रापणीत पाती होती, त्यामुळे समुद्र लहानपणापासून दारात. पण लाटेवर उभं राहायला शिकलो ते वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, नोकरीच्या निमित्तानं हॉलंडमधल्या हेग शहरात गेल्यावर. हेगला लागूनच एक किनारा आहे, स्खेव्हेनिंगेन नावाचा. हे नाव उच्चारणं परक्याला इतकं कठीण, की दुसऱ्या महायुद्धात डच लोक संशयित जर्मनाला हा शब्द म्हणायला लावून ओळखत, असं तिथे सांगतात. मला तो नीट म्हणायला वर्ष लागलं. तिथली लाट कळायला त्याहून जास्त.

लाट म्हटली की आपण तिची उंची विचारतो. खरं तर आधी विचारायला हवं, की एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते. यालाच आवर्तकाल म्हणतात. इंडोनेशियात किंवा पोर्तुगालमध्ये ज्या लाटांची छायाचित्रं काढली जातात, त्या हजारो किलोमीटर दूरच्या वादळात जन्मलेल्या असतात. इतक्या प्रवासात बारीकसारीक लाटा मागे पडतात, आणि उरतात त्या बारा-चौदा सेकंदांच्या अंतरानं येणाऱ्या, शिस्तीत रांग लावलेल्या लाटा. उत्तर समुद्र मात्र आखूड आणि उथळ. हॉलंडसमोर तो जेमतेम २५-३० मीटर खोल. तिथली लाट बहुतेक वेळा जवळच्याच वाऱ्यानं उठवलेली असते आणि पाच ते सात सेकंदांनी येऊन आदळते.

या आकड्यांनी किती फरक पडतो ते पाहा. खोल समुद्रात १२ सेकंदांच्या लाटेची लांबी, म्हणजे एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचं अंतर, सुमारे २२५ मीटर असतं. ६ सेकंदांच्या लाटेची लांबी भरते फक्त ५६ मीटर. आवर्तकाल निम्मा झाला, तर लांबी पाव झाली. दोन्ही लाटा एक मीटर उंच असल्या, तरी लांब लाट किनाऱ्याकडे दुप्पट शक्ती घेऊन येते. शिवाय किनाऱ्याजवळ आल्यावर ती अधिक उंच होते. आखूड लाटेजवळ शक्ती बेताची, उतार छोटा आणि सवड मुळीच नाही.

त्यात तळ वाळूचा. खडकाळ तळावर लाट रोज ठरल्या जागी फुटते. वाळूच्या किनाऱ्यावर पाण्याखालचे वाळूचे दांडे सतत सरकत असतात. लाट दांड्यावर आली की एकदम ताठ होते आणि तीन-चार सेकंदांत या टोकापासून त्या टोकापर्यंत कोसळून मोकळी. दीड मीटर खोल पाण्यात लाटेचा वेग तासाला सुमारे १४ किलोमीटर असतो. हातांनी वल्हवणारा माणूस फार तर ५-६ किलोमीटरच्या वेगानं जातो. राहिलेला वेग लाटेच्या उतारावरून घसरताना मिळवायचा. उतार छोटा आणि क्षणभर टिकणारा असेल, तर फळीनं त्या क्षणातच घसरू लागायला हवं. सगळी मेख इथे आहे.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दोन वर्षं आठ फुटी, जाड, मऊ फोमच्या फळीवर शिकलो. मग वाटलं, आता खरी फळी घ्यावी. दुकानात भिंतीला टेकून एक उभी होती. सहा फूट दोन इंच लांब, साडेअठरा इंच रुंद, सव्वादोन इंच जाड, टोकाला सुरेख वर वळलेली. विक्रेत्यानं मी कुठे सर्फिंग करतो हे विचारलं नाही, आणि माझं वजनही विचारलं नाही. त्याला तरी का दोष द्यावा? मीही विचारलं नाही. मी ती फळी हातात धरली आणि आरशात पाहिलं. खरेदी तिथेच झाली होती. पैसे नंतर दिले, इतकंच.

पुढचे चार महिने मी लाटांच्या मागे पोहत होतो. वल्हवायचं, लाट खालून निघून जायची. पुन्हा वल्हवायचं, पुन्हा तेच. मिळालीच एखादी, तर ती पार ताठ झाल्यावर, अगदी शेवटच्या क्षणी. मी स्वतःला दोष देत होतो. वय झालं, दंडात जोर नाही, मराठी माणसानं हे करूच नये, वगैरे.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी बायको आणि नऊ वर्षांची मुलगी किनाऱ्यावर उभ्या होत्या. मला त्यांना काहीतरी दाखवायचं होतं. लाट आली, मी उशिरा उठलो, फळीचं टोक पाण्यात रुतलं आणि मी डोक्यावर आपटलो. खाली कंबरभर पाणी आणि त्याखाली घट्ट वाळू. काही क्षण दोन्ही हातांत मुंग्या आल्या. हात आपले आहेत की नाहीत, ते कळेना. कोणीतरी मला धरून बाहेर काढलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मानेचा मणका वाचला आहे, फक्त स्नायूंना मार बसला आहे. सहा आठवडे गळ्यात पट्टा. पट्टा निघाला, पण मुलगी त्यानंतर जवळजवळ वर्षभर गुडघ्याच्या वर पाण्यात शिरली नाही. तिनं तोंडानं काही म्हटलं नाही. नुसती वाळूत बसून राहायची. माझ्या मानेपेक्षा ते मला जास्त लागलं.

त्या सहा आठवड्यांत मी एका वृद्ध डच गृहस्थांकडे जाऊ लागलो. ते आपल्या गॅरेजमध्ये हातानं फळ्या घडवत. माझी फळी त्यांनी उलटी केली, डोळा बारीक करून सुतार जशी फळी पाहतो तशी लांबीच्या दिशेनं पाहिली आणि म्हणाले, "फळी उत्तम आहे. पण ही तुझी लाट नाही." नंतर त्यांनी मला एक वही दिली आणि रोज चार गोष्टी लिहायला सांगितल्या. लाटेची उंची, आवर्तकाल, वारा, आणि भरती की ओहोटी. फळीबद्दल महिन्यानंतर बोलू, म्हणाले.

वही भरत गेली तसं चित्र स्पष्ट झालं. बहुतेक दिवस लाट कमरेपासून छातीपर्यंत, आवर्तकाल पाच ते सात सेकंद. मधूनच वायव्येचं वादळ येऊन जातं, मग वारा फिरतो आणि जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागतो. आपण कोकणात ज्याला मतलई वारा म्हणतो, तसा. तेव्हा काही तास लाट स्वच्छ, पोकळ आणि वेगवान होते. मग ओसरून जाते. मी विकत घेतलेली फळी वर्षातल्या दोन-तीन दिवसांसाठी होती, आणि तीही माझ्याहून हलक्या आणि तयार माणसासाठी.

आता फळी कशी निवडायची, ते सांगतो.

पहिली गोष्ट फळीचं आकारमान. ते लिटरमध्ये मोजतात. फळी पूर्ण बुडवली तर किती पाणी बाजूला सारील, तो आकडा. माझी जुनी फळी होती सुमारे २७ लिटरची आणि माझं वजन ७६ किलो. त्यात हिवाळ्यात पाणी पाच-सहा अंशांवर येतं, म्हणून पाच मिलिमीटर जाड रबरी पोशाख, हातमोजे, बूट, डोक्यावर टोपडं. भिजल्यावर याचं ओझं खांद्यांना जाणवतं आणि हातही मोकळे फिरत नाहीत. मध्यम तयारीच्या माणसाला आपल्या किलोच्या आकड्याच्या साधारण चाळीस टक्के लिटर लागतात. माझ्या हिशेबानं ३० ते ३२. चार-पाच लिटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण त्यामुळे छाती पाण्याच्या वर राहते आणि लाट अर्धा सेकंद आधी मिळते. सहा सेकंदांच्या लाटेत अर्धा सेकंद पुष्कळ झाला.

मग चांगली ४० लिटरची का घेऊ नये? कारण बाहेर जायचं असतं. फुटत्या लाटा पार करताना फळीसकट बुडी मारून लाटेखालून जावं लागतं. लांब लाटांमध्ये दोन लाटांच्या मध्ये दम घेता येतो. इथे एकीखालून बाहेर यावं तोवर दुसरी डोक्यावर. फुगीर फळी पाण्याखाली जातच नाही आणि लाट तुम्हाला किनाऱ्यावर आणून सोडते. म्हणजे लाट पकडायला जास्त लिटर हवेत आणि बाहेर जायला कमी. या ओढाताणीत आपला आकडा बसवायचा.

दुसरी गोष्ट तळाचा वाक. होडीचा तळ डोळ्यांपुढे आणा. टोकाला जास्त वर वळलेली फळी पाणी पुढे ढकलत राहते आणि तिला वेग यायला वेळ लागतो. सपाट फळी लगेच घसरते. म्हणून आखूड लाटेसाठी पुढचा भाग सपाटसर हवा. पण इथे एक फसगत आहे. आखूड लाट ताठ होते तेव्हा तिची वळणदार भिंत छोटी असते. लांब आणि सपाट फळी त्या वळणात मावत नाही, टोक रुतते. यावर उपाय म्हणजे लांबी कमी करणं. फळी आखूड झाली की थोड्या वाकावरही ती वळणात बसते. कमी केलेली लांबी रुंदीत आणि जाडीत भरून काढायची, म्हणजे लिटर कायम राहतात. शेपटीकडे मात्र थोडा वाक राहू द्यायचा, नाहीतर ताठ भिंतीवर फळी वळत नाही. पुढून सपाट, मागून थोडी वळलेली, असं सूत्र लक्षात ठेवावं.

तिसरी गोष्ट शेपटीचा आकार. मोठ्या लाटांच्या फळीची शेपटी निमुळती असते, ती वेगात पाणी धरून ठेवते. आपल्याला धरून ठेवण्याइतका वेगच नसतो. म्हणून शेपटी रुंद हवी, चौकोनी गोलसर किंवा माशासारखी दुभंगलेली. रुंद शेपटी मागून उचलून धरते आणि लाट मऊ पडली तरी फळी बसत नाही. ही माशाच्या आकाराची फळी १९६७च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या स्टीव्ह लिस यांनी केली, तीही गुडघ्यांवर बसून लाट घेण्यासाठी. पुढे उभ्यानं खेळणाऱ्यांनी ती उचलली.

चौथी गोष्ट तळाची पाती, ज्यांना फिन म्हणतात. ऑस्ट्रेलियाचे मार्क रिचर्ड्स अंगानं उंच. लहान लाटांत एका फिनच्या फळीवर त्यांची अडचण होई. त्यांनी दोन फिनची फळी घडवली आणि १९७९ ते १९८२ सलग चार वेळा जगज्जेते झाले. त्यांच्याच देशाच्या सायमन अँडरसन यांना दोन फिन फार निसटत्या वाटल्या. त्यांनी तिसरं फिन जोडलं आणि १९८१मध्ये बेल्स बीचची स्पर्धा जिंकली. आज बहुतेक फळ्यांना तीन फिन असतात. चार फिन लावली तर सरळ वेग वाढतो, आणि झपाट्यानं कोसळणाऱ्या लाटेच्या पुढे पळायला तो उपयोगी पडतो. तीन फिनवर वळण खात्रीचं असतं. हल्ली पाच खाचांची फळी मिळते, तिच्यात दोन्ही सोयी असतात. नवख्यानं तीच घ्यावी.

त्या गृहस्थांनी माझ्यासाठी केलेली फळी पाच फूट नऊ इंच लांब, सव्वावीस इंच रुंद, अडीच इंच जाड, अशी ३२ लिटरची होती. रंग नाही, चित्र नाही. भिंतीला टेकवली तर पोळपाटाची थोरली बहीण वाटावी. पहिल्याच दिवशी, कमरेएवढ्या लाटेत, मी तीनदा हात मारले आणि फळी आपसूक निघाली. मला इतकं अनपेक्षित होतं की उभं राहायचं विसरलो आणि पोटावर झोपूनच किनाऱ्याला आलो. दुसऱ्या लाटेवर उभा राहिलो.

खेळाडूच्या यशात फळीचा वाटा किती, याबद्दल जास्त बोललो, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. २०२०चं ऑलिंपिक एक वर्ष पुढे जाऊन २०२१मध्ये जपानमध्ये झालं. सर्फिंगचा पहिलाच समावेश, आणि स्पर्धा झाली त्सुरिगासाकीच्या वाळूच्या किनाऱ्यावर. अंतिम सामन्यात ब्राझीलच्या इटालो फेरेरा यांची फळी सुरुवातीलाच मोडली. त्यांनी दुसरी घेतली आणि सुवर्णपदक जिंकलं. हा मासे विकणाऱ्याचा मुलगा. वडिलांच्या मासळीच्या थर्मोकोलच्या खोक्याचं झाकण ही त्याची पहिली फळी. तेव्हा उत्तम खेळाडू कशावरही खेळतो, हे खरंच. पण आपण फेरेरा नाही. आपल्याला फळीनं हात द्यावा लागतो.

आणि फळी समुद्रापासून वाचवते, असंही कोणी समजू नये. ११ मे २०२० रोजी याच स्खेव्हेनिंगेनला, बंदराच्या उत्तरेकडच्या धक्क्याजवळ, पाच तरुण मृत्युमुखी पडले. सगळे पाण्यात मुरलेले. जोराचा वारा होता आणि समुद्रावर फेसाचा जाड थर जमला होता. त्यात त्यांना बाहेर पडता आलं नाही. मी त्या जागेजवळून जाताना आजही थांबतो. कोणत्या फळीवर जायचं हा प्रश्न दुसरा आहे. आज जायचं की नाही, हा पहिला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या तरुणांना मी हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पावसाळ्यात आपला समुद्रही खेळण्याचा राहत नाही. कोळी बांधव तेव्हा होड्या वर ओढून ठेवतात, ते उगाच नव्हे.

सुट्टीत गावी आलो तेव्हा मामांना माझ्या मानेची हकीकत सांगितली. मामा ऐंशीच्या घरात होते. त्यांनी फळीचा फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "अरे, किनारो बघून होडी करूची असता. होडी बघून किनारो गावना नाय." जे शिकायला मला चार महिने, एक फळी आणि सहा आठवड्यांचा गळपट्टा लागला, ते घरातच होतं. मी विचारलं नव्हतं.

आता मुलीचं सांगतो आणि थांबतो. पुढच्या उन्हाळ्यात तिनं मला नव्या फळीवर पडताना पाहिलं. पुष्कळदा पडलो, पण पाठीवर, बाजूला, हसत. टोक रुतून डोक्यावर नाही. काही दिवसांनी ती कमरेपर्यंत आली. मग एक दिवस म्हणाली, "बाबा, मला पण." आम्ही दुकानात गेलो. तिचा हात एका निमुळत्या, निळ्या, चकचकीत फळीकडे गेला. माझा जीव घशाशी आला, पण मी काही बोललो नाही. तिनं ती उचलली, उलटी केली, एक डोळा बारीक करून तळाचा वाक पाहिला आणि परत ठेवली. आम्ही मऊ फोमची, पिवळी, जाडजूड फळी घेऊन घरी आलो.

तुमच्यापैकी फार थोडे जण कधी लाटेवर उभे राहतील. पण सायकल, चष्मा, लेकराची शाळा, काहीही घेताना आपण भिंतीला टेकून उभी असलेली सुंदर वस्तू आधी पाहतो, आणि तिच्यासमोर उभा असलेला माणूस नंतर. थोडी वही लिहावी. आपली लाट किती सेकंदांची आहे ते मोजावं. मग दुकानात जावं.